माल कुणाचाही, पत्ता पॅरिसचा

नाशिकजवळ दिंडोरी तालुक्यात ‘शॅंडन’ कंपनीची वायनरी आहे. तिथे वाइन बाटलीत भरून बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवतात आणि फसफसणारी वाइन तयार करतात. फ्रान्सच्या शॅम्पेन प्रांतात हीच पद्धत चालते. द्राक्षांच्या काही जातीही त्याच, शार्दोने आणि पिनो न्वार. एवढंच काय, तिथली जगप्रसिद्ध ‘मोएत’ शॅम्पेन ज्या उद्योगसमूहाची, त्याचीच ही दिंडोरीची वायनरी. तरीही इथल्या बाटलीवर ‘शॅम्पेन’ असं छापत नाहीत. शॅम्पेनची हद्द नकाशावर आखलेली आहे. फ्रेंच कायद्याने ती १९२७ मध्ये पक्की केली आणि हद्दीबाहेर पिकलेल्या द्राक्षाला, ते कितीही गोड असो, ते नाव लावता येत नाही. कंपनी स्वतः फ्रेंच असली तरी नाही.

अत्तर, रेशीम, उंची हॉटेलं, दागिने, चित्रं यांच्या बाबतीत फ्रान्सचा जो दबदबा आहे, तो समजून घ्यायला ही बाटली बरी पडते. आपल्याकडे सर्रास समज असा की फ्रेंच लोकांना उपजतच चांगली नजर असते. मला हे पटत नाही. साडेतीनशे वर्षांचा हिशेब काढला तर फ्रान्सने बहुतेक कसब बाहेरूनच आणलेलं दिसतं; कधी विकत घेऊन, कधी चक्क चोरून. फ्रान्सने स्वतः घडवली ती त्या कसबाभोवतीची व्यवस्था. नियम, तपासणी, नावाची राखण, आणि ‘पॅरिसला मान्य झालं तरच खरं’ ही जगाची सवय.

आरशापासून सुरुवात करू. सतराव्या शतकात मोठा, स्वच्छ आरसा करायची विद्या व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावरच्या काचकारांकडे होती. फ्रान्सचे सरदार त्या आरशांसाठी वाटेल ती किंमत मोजत होते आणि देशातलं सोनं-चांदी बाहेर जात होतं. चौदाव्या लुईचा अर्थमंत्री जाँ-बातिस्त कोल्बेर याला हे सलत होतं. त्याचा हिशेब रोखठोक होता. राजा आणि दरबार चैन करायचे काही थांबणार नाहीत, तर मग चैनीचा माल घरात बनू दे, आणि जमलं तर शेजाऱ्यांनी तो आपल्याकडून विकत घेऊ दे. १६६५ मध्ये त्याने आरशांच्या कारखान्याला राजाश्रय आणि मक्तेदारी दिली. व्हेनिसमधल्या फ्रेंच राजदूताला कामाला लावून मुरानोचे कारागीर फोडून आणले. बेट सोडून विद्या परक्याला देणं हा व्हेनिसच्या लेखी गंभीर गुन्हा होता. फ्रान्समध्ये त्यांपैकी काही जण अचानक मरण पावले तेव्हा विषप्रयोगाची कुजबुज झाली. सिद्ध काहीच झालं नाही.

पुढच्या वीस वर्षांत फ्रेंच हात तयार झाले. १६७८ ते १६८४ या काळात व्हर्सायच्या राजवाड्यात ७३ मीटर लांबीचा आरसेमहाल उभा राहिला. १७ कमानी आणि ३५७ आरसे, सगळे फ्रान्समध्ये बनवलेले. आज पर्यटक तिथे फोटो काढतात, पण त्या काळी तो महाल म्हणजे राजाच्या कारखान्याचं प्रदर्शनच होतं. परदेशी वकील आत आला की राजापाशी पोचेपर्यंत त्याला मालाचा अख्खा नमुना चालत पाहावा लागे. (त्याच महालातलं भरीव चांदीचं फर्निचर मात्र १६८९ मध्ये युद्धाच्या खर्चासाठी वितळवावं लागलं. चैनीलाही खजिन्याची मर्यादा असतेच.) आरशांचा तो कारखाना पुढे ‘सेंट गोबेन’ झाला. तीच कंपनी आज चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूरला काच बनवते.

कोल्बेर आरशावर थांबला नाही. पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात त्याने चित्रकार, विणकर, सुतार, सोनार एका छताखाली आणले आणि त्यांच्यावर शार्ल ल ब्रँ या राजचित्रकाराला नेमलं. गालिच्यापासून कुलपापर्यंत सगळ्या वस्तूंचं रेखाटन एकाच माणसाच्या नजरेखालून जाऊ लागलं. आपण ज्याला ‘स्टाइल’ म्हणतो ती एकसंध दिसायला लागते ती अशा ठिकाणी. शिवाय कापडाचा पन्हा किती, ताण्याचे धागे किती, रंग कोणता चालेल आणि कोणता नाही, याचे नियम निघाले आणि ते तपासायला निरीक्षक नेमले गेले. सदोष कापड खांबाला टांगून, खाली बनवणाऱ्याचं नाव लावून, भर चौकात लोकांना दाखवायची शिक्षा होती. नक्षी आणि नजाकत यांच्या गप्पा मारताना हा खांब आपण विसरतो.

आता एक अडचण उरली. चांगल्या वस्तूची नक्कल होते. लिऑं शहरातल्या रेशीम व्यापाऱ्यांनी यावर जो तोडगा काढला, त्यावर आजचाही फॅशनचा धंदा चालतो. त्यांनी नक्ष्या दरवर्षी बदलायला सुरुवात केली. लंडन किंवा इटलीतला विणकर नक्कल करून माल बाजारात आणेपर्यंत ती नक्षी जुनी झालेली असायची. ‘जुनी’ म्हणजे फाटकी नव्हे, नुसती गेल्या सालातली. धडधाकट कापड तारखेमुळे शिळं ठरणं, ही कल्पना बाजाराला तिथून मिळाली. ती पसरवायला साधनंही होती. १६७२ मध्ये सुरू झालेलं ‘मर्क्यूर गालाँ’ हे नियतकालिक दरबारातल्या घडामोडींबरोबर यंदा कोणत्या फिती आणि कोणते रंग चालताहेत तेही छापायचं. ताज्या पोशाखातल्या बाहुल्या पॅरिसहून इतर राजधान्यांत पाठवल्या जात आणि तिथले शिंपी त्या पाहून कपडे बेतत.

आता आपल्याकडच्या कापडाची गोष्ट. शिवाजी महाराजांची सुरतेवर पहिली स्वारी झाली ते १६६४ साल. त्याच वर्षी कोल्बेरने फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनी स्थापन केली आणि चार वर्षांत तिची वखार सुरतेत उघडली. या आणि इतर कंपन्यांच्या जहाजांतून गुजरातचं आणि कोरोमंडल किनाऱ्याचं छापील, हाताने रंगवलेलं सुती कापड, म्हणजे चीट, फ्रान्सला पोचलं. धुतलं तरी रंग जात नाही, अंगाला हलकं आणि रेशमापेक्षा स्वस्त! फ्रेंच बायका त्यावर तुटून पडल्या. रेशीम आणि लोकर विणणाऱ्यांनी आरडाओरडा केला आणि १६८६ मध्ये सरकारने हे कापड आणणं आणि देशात छापणं बेकायदा ठरवलं. पुढे ते अंगावर घालण्यावरही बंदी आली. मूळ बंदी १७५९ पर्यंत टिकली, म्हणजे तब्बल ७३ वर्षं. तस्करांना जहाजांवर वल्ही मारायच्या सक्तमजुरीला पाठवत. तरी उच्चभ्रू घरांत चिटाचे पडदे आणि झगे दिसतच राहिले. बंदीने कापडाचा रुबाब उलट वाढला असणार, असा माझा अंदाज.

बंदी चालू असतानाच विद्या मिळवायचा उद्योगही चालू होता. १७३४ च्या सुमारास बोल्यू नावाच्या फ्रेंच नौदल अधिकाऱ्याने पाँडिचेरीत रंगाऱ्यांचं काम पाहून पायरीपायरीने लिहून काढलं आणि प्रत्येक पायरीचा कापडाचा तुकडाही जपून ठेवला. १७४२ मध्ये केर्दू नावाच्या जेझुइट पाद्र्यानेही याच कामाची माहिती पत्राने कळवली. रंग पक्का कसा बसतो, तुरटीसारखी रंगबंधकं कधी लावायची, हे गुपित फुटलं. बंदी उठल्याबरोबर १७६० मध्ये ओबेरकाँफ या जर्मनीत जन्मलेल्या कारागिराने पॅरिसजवळ झुई गावात छपाईचा कारखाना काढला. पांढऱ्या कापडावर एका रंगात मेंढपाळ, झाडं, झोपाळे असं काढलेलं ‘झुईचं कापड’ आज अस्सल फ्रेंच म्हणून पडद्यांवर आणि सोफ्यांवर जगभर विकलं जातं. त्याची तांत्रिक आजी कोरोमंडल किनाऱ्यावरची आहे. आरशांच्या गोष्टीतला व्हेनिस काढून तिथे पाँडिचेरी ठेवा, तोच कित्ता.

एक गोष्ट मात्र राजाने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेत केली. १६८५ मध्ये चौदाव्या लुईने प्रोटेस्टंटांचं धर्मस्वातंत्र्य काढून घेतलं आणि रेशीम विणणारे, घड्याळं बनवणारे, चांदीकाम करणारे हजारो कारागीर लंडन, बर्लिन, जिनिव्हाकडे पळाले. फ्रान्सचा तोटा झाला, पण फ्रेंच धाटणी त्यांच्याबरोबर युरोपभर गेली.

एकोणिसाव्या शतकात राजे आले-गेले, व्यवस्था टिकली. फक्त राजाची जागा प्रदर्शनं आणि संघटनांनी घेतली. १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनासाठी बोर्दोच्या वाइनची प्रतवारी झाली. किरकोळ फरक वगळता ती आजही चालू आहे. १८५८ मध्ये चार्ल्स फ्रेडरिक वर्थने पॅरिसच्या र्यू द ला पे या रस्त्यावर कपड्यांचं दुकान थाटलं. तोवर बाई शिंप्याला सांगायची आणि शिंपी शिवायचा. वर्थने ते उलटवलं. आधी तो कपडे बेतायचा, जिवंत मुलींच्या अंगावर घालून दाखवायचा, मग गिऱ्हाईक निवड करायचं. चित्रकार सही करतो तशी त्याने कपड्याच्या आत आपल्या नावाची पट्टी शिवली. फ्रान्सची सम्राज्ञी युजेनी त्याची गिऱ्हाईक झाल्यावर बाकीचा युरोप आपसूक मागे आला. ज्याला ‘ओत कुतुर’ म्हणतात, त्या मापाने बेतलेल्या सर्वांत महाग शिवणकामाचा हा जनक चक्क इंग्रज होता. पॅरिसच्या शिवणघरांची संघटना १८६८ मध्ये झाली आणि १९४५ मध्ये ‘ओत कुतुर’ या नावाला कायद्याचं संरक्षण मिळालं. पॅरिसमध्ये स्वतःची शिवणशाळा हवी, ठरावीक संख्येने पूर्णवेळ कारागीर हवेत, गिऱ्हाइकाच्या मापाने शिवायला हवं, वर्षातून दोनदा कपडे सादर करायला हवेत. या अटी पाळणाऱ्यांची यादी सरकारी शिक्क्याने निघते. खांबाला टांगलेल्या कापडाची ही सभ्य आवृत्ती.

प्रवासातही हाच प्रकार. लुई व्हितॉं हा श्रीमंतांचं सामान बांधून देणारा कारागीर. त्या काळच्या पेट्यांची झाकणं घुमटासारखी असत, म्हणजे पाणी ओघळून जाई. आगगाडी आणि आगबोटीत मात्र पेट्या एकावर एक रचाव्या लागतात. व्हितॉंने १८५८ मध्ये सपाट झाकणाची, राखाडी मेणकापडाची हलकी पेटी आणली. गरज ओळखून काढलेली साधी युक्ती, आणि मला तरी तीच त्या घराण्याची सगळ्यात सुंदर कल्पना वाटते. नक्कल करणारे लगेच उगवले, म्हणून त्याच्या मुलाने १८९६ मध्ये अक्षरं आणि फुलं गुंफलेली ती प्रसिद्ध नक्षी काढली. म्हणजे आज जी नक्षी मिरवायला घेतात, ती जन्मली नकली माल ओळखता यावा म्हणून. त्याच नक्षीचा नकली माल आज फूटपाथवर सर्वांत जास्त मिळतो, हा भाग वेगळा. १९२६ मध्ये या घराण्याने बडोद्याच्या महाराजांसाठी प्रवासात चहाचं सगळं सामान मावेल अशी खास पेटी बनवली होती.

पॅरिसहून १८८३ मध्ये सुटू लागलेल्या ‘ओरिएंट एक्सप्रेस’ या आलिशान आगगाडीमागचा माणूस बेल्जियन होता. १८९८ मध्ये पॅरिसच्या प्लास वाँदोम चौकात आपल्या नावाचं हॉटेल काढणारा सेझार रिट्झ स्विस शेतकऱ्याचा मुलगा. त्याने खोल्यांना स्वतंत्र न्हाणीघरं दिली, तेव्हाच्या मानाने ही भलतीच चैन. त्याचा जोडीदार ऑग्युस्त एस्कॉफिए मात्र फ्रेंच. त्याने मुदपाकखान्याची लष्करासारखी रचना केली. सॉस एकाकडे, मासे दुसऱ्याकडे, गोड तिसऱ्याकडे, आणि सगळ्यांवर एक शेफ. कुठल्याही मोठ्या हॉटेलच्या किचनमध्ये आज हीच उतरंड असते. मिशलँ बंधूंनी तर टायर खपावेत म्हणून १९०० मध्ये मोटारवाल्यांसाठी फुकट मार्गदर्शिका काढली, कारण लोक जितके हिंडतील तितके टायर झिजतील. १९२६ पासून तीत खाणावळींना तारे मिळू लागले आणि १९३१ मध्ये तीन ताऱ्यांची पद्धत आली. तीन ताऱ्यांचा अर्थ, केवळ तिथे जेवण्यासाठी मुद्दाम प्रवास करावा. टायरच्या कंपनीने दिलेल्या ताऱ्यांसाठी आज शेफ आयुष्य पणाला लावतात.

चित्रकलेचा भाग थोडक्यात सांगतो. १६४८ मध्ये राजाच्या छत्राखाली चित्रकारांची अकादमी निघाली आणि तिचं प्रदर्शन, ‘सालाँ’, हे कलेचं परीक्षाकेंद्र बनलं. गंमत अशी की बंडखोरांनाही बंड करायला तेच केंद्र लागलं. १८६३ मध्ये नाकारलेल्या चित्रांचं वेगळं प्रदर्शन भरलं ते सम्राटाच्याच परवानगीने. पुढे पिकासो स्पेनमधून, शिल्पकार ब्रांकुशी रुमानियातून, मोदिल्यानी इटलीतून तिथे आला. मुंबईच्या प्रोग्रेसिव्ह ग्रुपमधले सय्यद हैदर रझा नागपूर आणि जे. जे. मध्ये शिकले, १९५० मध्ये फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीवर पॅरिसला गेले आणि आयुष्याचा बराच काळ फ्रान्समध्येच राहिले. त्यांच्या चित्रांतला प्रसिद्ध ‘बिंदू’ त्यांनी तिथे राहून रंगवला.

१९२५ मध्ये पॅरिसने आधुनिक सजावटी कलांचं मोठं प्रदर्शन भरवलं. अट अशी की जुन्या शैलींची नक्कल चालणार नाही. रुलमानचं लाकूडकाम, लालीकची काच, दुनाँची लाखेची झिलई. मूळ हेतू व्यापारी होता. जर्मन माल पुढे जात होता, त्याला रोखायचं होतं. या प्रदर्शनाच्या नावावरूनच पुढे, १९६० च्या दशकात, ‘आर्ट डेको’ हे या शैलीचं नाव रूढ झालं. मुंबईकरांना ते दाखवायला पॅरिसला न्यायची गरज नाही. मरीन ड्राइव्हच्या गोलाकार गच्च्या, ओव्हल मैदानासमोरच्या इमारती, रीगल आणि इरॉस ही चित्रपटगृहं, सगळी त्याच कुळातली. १९३० च्या दशकात समुद्र हटवून मिळालेल्या नव्या जमिनीवर, नव्याने आलेल्या सिमेंट काँक्रीटमध्ये त्यांतली बहुतेक बांधली गेली. २०१८ मध्ये युनेस्कोने हा परिसर, समोरच्या गॉथिक इमारतींसह, जागतिक वारशाच्या यादीत घेतला. मुंबईचं डेको थेट पॅरिसहून उतरलं असं मात्र म्हणता येणार नाही. वाटेत त्यात अमेरिका आणि सिनेमा मिसळले आहेत.

थेट पॅरिस पाहायचं तर इंदूरला जावं लागेल. दुसरे यशवंतराव होळकर ऑक्सफर्डला शिकले आणि विशीतच त्यांनी एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुविशारदाकडून ‘माणिकबाग’ हा राजवाडा सजवून घेतला. काम १९३० नंतरच्या दोन-तीन वर्षांतलं. फर्निचर रुलमानचं, आयलीन ग्रेची खुर्ची, ल कॉर्ब्युझिए आणि शार्लोत पेरियाँ यांची आरामखुर्ची, प्युइफोर्काची चांदीची भांडी. होळकरांनी ब्रांकुशीकडून ‘अवकाशातला पक्षी’ या शिल्पाच्या तीन प्रती घेतल्या. ती शिल्पं ठेवायला एक ध्यानमंदिर बांधायचं ठरलं आणि ब्रांकुशी इंदूरला येऊनही गेला, पण मंदिर झालं नाही. बेर्नार बुते द मोंव्हेल या फ्रेंच चित्रकाराने महाराजांची दोन चित्रं केली. एकात ते युरोपीय संध्याकाळच्या पोशाखात, दुसऱ्यात होळकरी पगडी आणि मराठा वेशात. १९८० मध्ये माणिकबागेतल्या वस्तूंचा मोनॅकोला लिलाव झाला आणि २०१९ मध्ये पॅरिसच्या सजावटी कलांच्या संग्रहालयाने या महाराजांवर मोठं प्रदर्शन भरवलं. म्हणजे इंदूरची कीर्तीही शेवटी पॅरिसनेच प्रमाणित केली. माणिकबागेत आता केंद्रीय जीएसटीचं कार्यालय आहे.

आजचा कारभार राजाऐवजी कंपन्या पाहतात, पण वळण जुनंच. फ्रेंच चैनीच्या घराण्यांनी १९५४ मध्ये एक मंडळ काढलं आणि त्याला नाव दिलं ‘कोमिते कोल्बेर’. शॅनेल या फॅशन कंपनीने १९८५ पासून बटणं, पिसं, भरतकाम अशी कामं करणारी जुनी छोटी कारखानघरं एकेक करून विकत घेतली, नाहीतर ती बंद पडली असती. १९२४ पासून चालत आलेलं लेसाज हे भरतकामाचं घर २००२ मध्ये तिच्याकडे आलं. परोपकार म्हणून नव्हे. हात संपले तर नाव कशावर लावायचं?

आणि हात पॅरिसमध्ये पुरेसे उरलेले नाहीत. त्यामुळे बड्या घराण्यांच्या भरतकामाचा मोठा भाग कित्येक वर्षं मुंबईत होतो. लाकडी अड्ड्यावर कापड ताणून, आरीने, मणी-टिकल्या-जरीने. मार्च २०२३ मध्ये डिऑरने आपला कार्यक्रम थेट गेटवे ऑफ इंडियासमोर केला. मुंबईच्या ‘चाणक्य’ या भरतकामशाळेच्या कारागिरांनी भरलेलं भव्य तोरण तिथे लावलं होतं आणि त्यांचं नाव उघडपणे घेतलं गेलं. डिऑरची तेव्हाची मुख्य डिझायनर, मारिया ग्राझिया कियुरी, इटालियन. मात्र हे रोजचं नाही. कपड्याच्या आतल्या पट्टीवर घराण्याचं नाव असतं, आणि भरतकाम कुठे झालं ते लिहायची युरोपच्या कायद्याने सक्ती नाही. १६८६ मध्ये आपल्याकडच्या कारागिरीला दारातच अडवलं होतं. आता ती आत जाते, पण पट्टीखाली.

भौगोलिक नावाचं संरक्षण तर आपल्याकडेही आहे. पैठणीला आणि कोल्हापुरी चपलेला ते मिळालेलं आहे. हस्तकलांना असं संरक्षण देणारा कायदा भारताने १९९९ मध्ये केला, फ्रान्सने २०१४ मध्ये. कागदावर आपण पंधरा वर्षं पुढे होतो, तरी यंत्रमागावरची साडी दुकानात पैठणी म्हणून खुशाल विकली जाते.

जानेवारी २०२० मध्ये राहुल मिश्रा हा पॅरिसच्या ओत कुतुर सप्ताहात कपडे सादर करणारा पहिला भारतीय डिझायनर ठरला. त्याच्या कपड्यांवरचं काम भारतातल्या कारागिरांचं, नावही त्याचं स्वतःचं. पण निमंत्रण पॅरिसच्या संघटनेचं होतं, आणि ते कुणाला द्यायचं हे तीच ठरवते.